पाणी मर्यादेत आहे

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस वाचतोच. तू तर नक्की वाचशील. लहानपणी दुसऱ्याच्या नावाची पाकिटंसुद्धा उघडून बघायचास, हे तर तुझ्याच नावाचं आहे.

हॉस्पिटलच्या जिन्यात मी जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाहीये, ते आधीच सांगते. लेकीचं पाचव्या महिन्यात गेलं, मी जिन्यात उभी होते, तू फळांची पिशवी घेऊन वर येत होतास, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या पाण्यानं गेलं." तू पिशवी पायरीवर ठेवलीस आणि आल्या पावली परत गेलास. त्याला वर्ष होत आलं. एका वाक्यासाठी तू ताईच्या घराशी नातं तोडलंस. त्यात काहीच तथ्य नसतं तर ते तुला इतकं लागलं असतं का, असं मला राहून राहून वाटतं. बघ, परत बोलले.

आता कामाचं. लेकीला परत दिवस गेलेत. तिसरा महिना लागलाय. जावई, मी, तुझे भावजी आणि आता तू, एवढ्यांनाच माहीत आहे. ती राहते ते घर तुला ठाऊक आहे, आमच्याच रस्त्याला, अगदी शेवटची इमारत, तुमच्या पाइपाचं शेपूट संपतं तिथली. मागच्या वेळी ज्या नळाचं पाणी प्यायली त्याच नळाचं आताही पिते.

मी शोभेचे मासे विकणारी बाई. पाण्यात औषध टाकलंय की नाही हे मला वासावरून कळतं, त्याच्या पुढचं कळत नाही. मागच्या वेळी सगळ्या तपासण्या करून काहीच सापडलं नाही तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?" मग म्हणाल्या, पाण्यात क्लोरिन जास्त पडलं आणि मूळ पाण्यात कुजका पाला असला की दोघं मिळून तिसरंच काहीतरी तयार करतात. ते वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नाही. गरोदरपणात त्यानं त्रास होतो का, यावर काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही म्हणतात, आणि मी ठामपणे काही सांगणार नाही. मी तर ठामच ऐकायला गेले होते. खोलीतून बाहेर पडले आणि समोर तू.

कावीळ पसरली त्या वर्षी पाण्यातलं औषध कुणी वाढवलं? तू. कावीळ थांबली, पेपरात फोटो आला, मी तो कापून दुकानात लावला. माशांच्या दुकानात माणसाचा फोटो कशाला म्हणून गिऱ्हाइकं हसायची. कावीळ जाऊन किती काळ लोटला, औषध मात्र तेवढंच पडतंय, असं दुकानातल्या नळावर माझं नाक सांगतं. आणि तलावाच्या काठावर झाडी किती आहे ते आपण दोघांनी तिथे पोहायला शिकताना पाहिलंय.

म्हणून सरळ विचारते. लेकीनं हे पाणी प्यावं की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही.

आशीर्वाद वगैरे उत्तर आल्यावर बघू.

ताई


१७ फेब्रुवारी

महोदय,

हो, महोदयच. तू बहिणीला "महोदया" लिहितोस तर मी काय कमी आहे? पाणीखात्याच्या छापील कागदावर उत्तर, वर जावक क्रमांक, खाली शिक्का, आणि मधे एक ओळ: "सदर परिसरातील पाण्याचे नमुने विहित मर्यादेत आहेत."

मर्यादेत! आई विचारायची, दूध किती सांडलं रे? तू म्हणायचास, थोडंसं. जाऊन बघावं तर पातेलं रिकामं. तुझं ते "थोडंसं" शिकून मोठं झालं आणि त्याला नोकरी लागली.

मी हो की नाही विचारलं होतं.

सदर परिसरातला नमुना म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातला नळ, हे मला माहीत नाही की काय? तूच ठरवलंस. पाइपाच्या टोकाकडचं घर हवं, सकाळी दार उघडणारं हवं, आणि ताईचं असलं म्हणजे आमच्या माणसाला चहाही मिळेल. तेव्हापासून तुझा बाटलीवाला दर महिन्याला येतो. आपण भांडलो तरी तो येतच राहिला, कारण चहाशी त्याचं भांडण नाही. माझ्या नळाचं पाणी मर्यादेत, म्हणजे लेकीचंही मर्यादेत, कारण पाइप एकच. सगळं कसं सरळ आहे. इतकं सरळ काही असलं की मला संशय येतो.

म्हणून या खेपेला तो चहा पीत बसला असताना मी त्याच्या बाटलीच्या बुडाला नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका लावला. दोन दिवसांनी तुझ्या प्रयोगशाळेत आले. तुझ्या नकळत, तू बैठकीला गेला होतास. दारातल्या काचेच्या टाकीतले मासे मीच दिलेत, ते बघायच्या निमित्तानं आत डोकावले. ठिपका होता. बाटली तीच. म्हणजे बाटली बदलत नाहीत. मग आकडा बदलत असणार, असं मनाशी म्हणाले आणि माझ्या नळाचं पाणी बाहेरच्या खासगी लॅबमध्ये देऊन आले.

काल त्यांचा रिपोर्ट आला. मर्यादेत सोड, जवळजवळ काही नाहीच. इतकं स्वच्छ की लॅबवाला म्हणाला, बाई, पाणी बाटलीबंद होतं का? मग त्याच्या मागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तुमच्या कॉलेजचा गटाचा फोटो. दुसऱ्या रांगेत लॅबवाल्याशेजारी कोण उभं आहे ते मला चष्म्याशिवायही दिसतं.

तुझे भावजी म्हणतात, पुरे कर आता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा बोलतो, अर्धं वर अर्धं खाली. तेही तुला सामील आहेत का, अशी शंका येऊन गेली. रोज एक पाण्याचा कॅन भरून लेकीकडे पायी नेतात. म्हटलं, तिच्याकडे काय पाणी नाही? म्हणाले, व्यायाम. वर्षानुवर्षं हा व्यायाम चाललाय आणि पोट आहे तिथेच आहे.

तुला अजूनही एक शब्द लिहायचाय.

ताई


९ मार्च

धाकट्या,

आता मला सगळं कळलं. म्हणजे मला वाटतंय की कळलंय.

दुकानातले आजारी मासे मी घरी आणते, वेगळ्या भांड्यात ठेवते, हे तुला माहीत आहे. नळाचं ताजं पाणी माशाला कधी घालायचं नसतं. औषधानं त्याचे कल्ले जळतात. पाणी पिंपात उघडं ठेवून, औषध उडून गेलं की मगच घालायचं. माझ्या दुकानातलं हे पहिलं वाक्य आहे, मासा विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगते.

परवा दुपारी दुकानातून आले तर तुझे भावजी भांड्यातलं पाणी बदलत होते. स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरून! मी किंचाळले. शेपटी कुरतडलेला एक सोनमासा होता त्यात, आधीच मरायला टेकलेला. ते म्हणाले, "काही होत नाही गं त्याला." म्हटलं, आता बघत बसा कसा उलटा होतो ते. बसलो दोघं. मासा उलटा झाला नाही. संध्याकाळी त्यानं खाल्लं. आज तर भांडंभर हिंडतोय.

आमच्या नळाच्या पाण्यात औषधच नाही! मी पेला भरून नाकाशी धरला. वास नाही. दिवसभर दुकानातला वास नाकात बसलेला असतो, त्यामुळे घरच्या पाण्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मग लेकीकडे गेले, तिच्या नळाचा पेला नाकाशी धरला. भपकन वास. पाइप एक, रस्ता एक, आणि तिच्याकडे औषध, माझ्याकडे नाही.

याचा अर्थ मी असा लावला. नमुना जिथून जातो त्या घराला तू वेगळं पाणी देतोस. कुठेतरी जमिनीखाली एक बारीक पाइप आहे, थेट माझ्या ओट्याशी येणारा. बहिणीलाही चांगलं पाणी, रिपोर्टही चांगला, एका दगडात दोन पक्षी. भावजींना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि उठून हात धुवायला गेले. ताट अर्धं तसंच.

मला वेगळं पाणी नको. लेकीला का दिलं नाहीस, ते सांग. तिला तू खांद्यावर घेऊन फिरवलंस.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

हे पत्र शांतपणे वाच. मी शांतपणे लिहिते आहे, तुला खोटं वाटेल.

तुला शेवटचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मासे मोजताना एकदम लक्षात आलं. माझ्याबरोबर उभं आयुष्य काढलेला माणूस. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझे सहा मासे त्यानं नळाच्या पाण्यानं मारले होते आणि आठवडाभर माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. तो माणूस नळाखाली भांडं धरतो आणि म्हणतो काही होत नाही? त्याला माहीत होतं.

तशीच शटर ओढून घरी आले. ओट्याखालचं कपाट उघडलं. पुढे कांद्यांची टोपली, तिच्यामागे रिकाम्या बरण्या, त्यांच्यामागे भिंतीला चिकटून एक पांढरं नळकांडं. पाणी आधी त्यात शिरतं आणि मग नळाला येतं. आत कोळसा असतो म्हणे, तो औषधही शोषतो आणि त्या औषधाची पिलावळही. लिफ्टवाल्यानं बसवलंय, एक थेंब गळत नाही.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"कावीळ आली त्या वर्षापासून. तुझ्या भावाचा हात जरा सढळ पडतोय असं वाटलं मला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याचा फोटो दुकानात लावला होतास," ते म्हणाले. "तुझ्यासमोर त्याच्या पाण्याला नाव ठेवायला मला काय वेड लागलंय?"

"आणि पोरगी?"

"तिला रोज कॅन नेत होतो की."

मग मला सांगावं लागलं. तो कॅन ती पीत नाही. पहिल्या दिवसापासून कुंड्यांना घालते. आणि बाबांचं मन नको मोडायला म्हणून त्यांना बोलत नाही. मागच्या वेळी तिला शंका आली होती, तेव्हा तिनं मामालाच विचारलं होतं, आणि मामानं रिपोर्ट पाठवला होता. मर्यादेत. मग बाबांचा कॅन कशाला लागतो? ते खाली बसले, तिथेच, कांद्यांच्या टोपलीशेजारी. मी त्यांना खूप काही बोलणार होते. पाणी आणून दिलं, तेही त्याच नळाचं, आणि त्यांच्याजवळ बसले.

आता तू नीट समजून घे. तू खोटं बोलला नाहीस. आकडा बदलला नाहीस, बारीक पाइप टाकला नाहीस, कॉलेजच्या मित्राला फोन केला नाहीस. तुझा बाटलीवाला आमच्याकडून जे पाणी नेत होता ते आमच्या कोळशातून गाळलेलं होतं, आणि त्यावरून तू सगळ्या रस्त्याचं पाणी मर्यादेत ठरवत होतास. त्यालाही आज चहा देऊन विचारलं. पाण्यात औषध आहे का ते बघायचे त्याचे थेंब असतात ना, रंग बदलणारे? माझ्या नळावर रंगच येत नसे. त्याला वाटलं थेंब जुने झालेत. वर तक्रार केली तर आपल्यावरच येईल, म्हणून ते थेंब तो कोपऱ्यावरच्या नळावर बघायचा आणि कागदावर आमचं घर लिहायचा. तू त्याला ओरडू नकोस. तो रडवेला झाला होता.

जिन्यात बोललेलं मी अर्धं मागे घेते. "तुझ्या" तेवढं मागे घेते. "पाण्यानं" अजून माझ्याकडेच आहे.

आता लेकीच्या नळाचा नमुना घे आणि रस्त्याला सांग. लेकीला मी फक्त एवढंच सांगितलंय की कॅनचंच पाणी पी, बाबांना बरं वाटतं. कारण सांगितलं नाही. कारण कळलं की तिच्या मनात मागचं उभं राहणार, आणि या दिवसांत ते मला नको आहे.

खूप खूप आशीर्वाद. मागचे राहिलेले धरून.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

या वेळी तू स्वतःच्या अक्षरात लिहिलंस. "प्रिय ताई" लिहिलंस. वाचून मला रडू आलं, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत.

दुसऱ्या परिच्छेदात तू म्हणतोस, नळकांडं आहे तसंच राहू दे. पुढच्या महिन्यात वरून तपासणीची समिती येणार आहे. रिपोर्टांची फाईल त्यांच्यापुढे जाणार. नमुन्याचं घर तू निवडलंस, ते बहिणीचं, त्यात फिल्टर, म्हणजे तुझ्यावर शेकणार. समिती गेली की तू गुपचूप दुसरं घर निवडशील, औषध हळूहळू कमी करशील. तोवर लेकीसाठी बाटलीबंद पाण्याचे खोके घरपोच पाठवशील. आणि शेवटी, "ताई, लोकांना सांगितलं तर घबराट होईल, ओरड करून औषधच बंद करायला लावतील, आणि परत कावीळ येईल. तेव्हा किती गेले ते तू विसरलीस का?"

नाही विसरले. वाण्याचा मोठा मुलगा गेला होता. औषध हवंच, हे मला मान्य आहे, मला अडाणी समजू नकोस. कावीळही नको आणि हेही नको, यातलं मधलं काय ते शोधायला तुला खुर्चीवर बसवलंय. टोकाचं साचलेलं पाणी सोडून द्या, तलावातला पाला औषध टाकायच्या आधी काढा, हे तूच मला कधीतरी जेवताना सांगितलं होतंस. तेव्हा तुला सगळं येत होतं.

वर्षभर मी तुला खोटारडा समजत होते, तेव्हा तू नव्हतास. आणि ज्या आठवड्यात मी तुला खरा म्हटलं त्याच आठवड्यात तू माझ्याकडे खोटं मागायला आलास. ते पण ओट्याखालच्या कपाटात लपवून ठेवायला.

लेकीच्या समोरच्या घरात शिंपीण राहते. सातवा आहे तिला. मशीनवर बसून बसून कंटाळली की नळाखाली तोंड धुते आणि ओंजळीनं तेच पाणी पिते. मी काल माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी दुकानात जायची सोडून तिथे उभी राहिले, आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही, कारण तू म्हणालास थांब. आमच्या लेकीला घरपोच खोके. त्या बाईला कोण मामा आहे?

पुढचा रविवार. तू स्वतः ये, बाटलीवाल्याला पाठवू नकोस. लेकीच्या नळाचा नमुना सगळ्यांसमोर घे आणि रस्त्याला काय ते सांग. नाही आलास तर सोमवारी शिंपिणीला घेऊन मी तुझ्या साहेबांपुढे उभी राहीन. नळकांडं काढून पिशवीत घेऊन येईन. भावजी काढून द्यायला तयार आहेत, मी विचारलं.

तू येशील की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पूर्वी सांगता आलं असतं.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

हे पाणी पिऊ नका, अशी नोटीस रस्त्याला लागली. टँकर येतो, रांगेत मीही असते. टोकाचा व्हॉल्व्ह उघडून तुमची माणसं रोज पाणी सोडून देतात, औषधाचा वास कमी झालाय. तुला मेमो मिळाला, चौकशी लागली, बाटलीवाल्यानं सांगितलं. लोक तुला काय काय बोलतात तेही मी ऐकते. कालच रांगेत एक म्हणाला, घरचाच नळ निवडला, सगळी मिलीभगत. मी त्याला सांगितलं, आधी मीही तसंच म्हणत होते. त्याला काही ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

हे पत्र त्यासाठी नाही. त्या रविवारी समोरासमोर बोलता आलं नाही ते लिहायचंय.

तू आलास तेव्हा मला आनंद झाला असं तुला वाटलं असेल. झाला नव्हता. मला वाटलं, हा आता काहीतरी करणार. म्हणून मी लेकीच्या स्वयंपाकघरात तुझ्या अगदी खांद्याशी उभी राहिले. बहीण भावाजवळ उभी राहते तशी नाही. दुकानात हात चलाख असलेलं गिऱ्हाईक आलं की उभी राहते तशी. तू नळ सोडलास, पाणी वाहू दिलंस, छोटी काचेची बाटली काठोकाठ भरलीस, झाकण लावलंस, उलटी केलीस. बाटलीत एक बुडबुडा होता, मोहरीएवढा. जावई म्हणाले, झालं ना? तू म्हणालास, नाही झालं. औषधातून हे जे तयार होतं ते वायूसारखं उडणारं असतं, थोडी जरी हवा आत राहिली तर ते पाण्यातून तिच्यात निघून जातं आणि आकडा कमी येतो. आणि बाटली ओतून दिलीस. दुसरी नवी भरलीस.

त्या बुडबुड्याचं आमच्यापैकी कुणालाही कळलं नसतं. कमी आकडा तुझ्याच सोयीचा होता. मी तिथे उभी होते आणि मला माझीच लाज वाटली, पण मी मागे सरकले नाही. तुझी बाटली खोक्यात जाऊन खोक्याला सील लागेपर्यंत मी सरकले नाही. हे मला तुला सांगायचं होतं.

मग लेक आतून आली. इतका वेळ ती पडून होती. तिला वाटलं मामा भांडण मिटवायला आलाय. बाटल्या बघून म्हणाली, "हे काय रे मामा? मी पिऊ ना हे पाणी?"

तू म्हणालास, "नको."

दोन महिने मी जो शब्द मागत होते, तो तू तिला असा एका झटक्यात दिलास. मला वाटलं, संपलं. पण तिचा चेहरा मी बघत होते. तिनं नळाकडे बघितलं. मग पोटावर हात ठेवला, आणि अगदी हळू विचारलं, "मग मागच्या वेळी?"

मी मधे पडणार होते. काहीतरी बोलून टाकणार होते, छे गं, त्याचा काय संबंध, डॉक्टरांनीच सांगितलंय. माझ्या जिभेवर तयार होतं. वर्षभर मी ओरडून सांगत होते की पाण्यानंच गेलं, आणि तिनं विचारल्यावर मी खोटं बोलायला निघाले होते. तू मला हातानंच थांबवलंस. तिच्यासमोर स्टुलावर बसलास. तुझ्याकडे तुझी ती छापील वाक्यं होती, मर्यादेत, विहित, सदर. एकही काढलं नाहीस.

म्हणालास, "माहीत नाही, बाळा. असेलही. नसेलही. आता ते कुणालाच कधी कळणार नाही."

ती रडली. तुझ्या शर्टाला डोकं लावून रडली, माझ्या नाही. मी नळ नीट बंद केला, तो ठिबकत होता.

धाकट्या, तुझ्या प्रत्येक शब्दावर मी संशय घेतला. शाईवर, शिक्क्यावर, बाटलीवर, तुझ्या येण्यावरसुद्धा. पण ते "माहीत नाही" तू म्हणालास आणि माझा लगेच विश्वास बसला.

ताई